कपारीपाशी सांगायची गोष्ट

पुणे
५ नोव्हेंबर २०२४

सौ. सत्यशीला हिला,

वडीलधारीनं धाकटीला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. त्यात मन आहे असं समजू नकोस.

परवा भाऊबीजेला आले, भारतला ओवाळलं आणि पाय मोकळे करायला दरीकडे निघाले, तर ओढ्याच्या उताराला तुझं बाभळीच्या काट्यांचं कुंपण आडवं. वर पत्र्याची पाटी, 'रस्ता बंद'. भारतला विचारलं तर म्हणतो, "ताई, तुमचं तुमी दोघी बघा, मला शेतात काम हाय." भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याला शेतात कसलं काम होतं देव जाणे. नवऱ्याची जात, बायकांच्या भांडणात सगळ्यांना शेत आठवतं. तुला विचारलं तर तू खाली मान घालून पातेलं घासत राहिलीस. मी गाडीत बसले नाही तोच माझा नंबर तू ब्लॉक केलास हेही मला कळलं. म्हणून हा कागद. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

गेले तीन हिवाळे मी पुण्याहून माणसं घेऊन मोरदऱ्याला येते. भूगोल शिकवण्यात माझी उमर गेली, पण मोरदऱ्यासारखी दरी मी दुसरी पाहिली नाही. वर पठारावर नुसतं कुसळी गवत आणि सीताफळीची झुडपं. काही असेल असं वाटतच नाही. खिंडीत उतरलं की एकदम काळ्या दगडाचे खांब, एकाला एक चिकटून उभे. लाव्हा निवताना आक्रसला, त्याला भेगा पडल्या, त्याचे ते खांब झाले. त्यांच्या खाली लाल मातीचा पट्टा. पहिल्या लाव्ह्यावर माती साचली, तिच्यात काही उगवलं असेल, आणि मग दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती विटेसारखी भाजून काढली. हे सांगताना दरवेळी माझा आवाज बदलतो, असं माणसं म्हणतात. पुढे ओढ्यातले रांजणखळगे, गारगोट्या, वीरगळ, लमाणांची बैलवाट, आपली कपार, मग गाव, आणि सगळ्यांत खाली निजामाच्या करोडगिरी नाक्याचा चौथरा. तिथं नगरच्या हद्दीत जाणाऱ्या मालावर जकात घ्यायचे. एवढा इतिहास आणि एवढा भूगोल एका सकाळच्या चालण्यात कुठं मिळतो मला सांग.

२२ डिसेंबरला, रविवारी, मी माणसं घेऊन येते आहे. त्याआधी काटे काढ. मी त्या घरची लेक आहे. माहेरच्या वाटेवर लेकीला काटे घालणारी भावजय मी तरी पहिलीच पाहते.

शिवकन्या


मोरदरा, ता. पाटोदा
१४ नोव्हेंबर २०२४

ताई,

नमस्कार. कागदावर वाकायला कंबर दुखत नाही, म्हणून आणखी एक नमस्कार घ्या.

काटे मीच घातले. ह्यांना बोल लावू नका, ते बिचारे दोन्हीकडून ऐकतात.

तुमच्या माणसांबद्दल सांगायचं तर पुष्कळ आहे. बांधावरची सीताफळं तोडतात आणि अर्धी खाऊन फेकतात. पाण्याच्या बाटल्या रांजणखळग्यात टाकतात. मागच्या वर्षी एकानं बिभीषणभाऊजींच्या दाराच्या कुलपाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'ओसाड गाव, गूढ शांतता'. ती माणसं ऊसतोडीला गेलीत, ताई. चैतात येतात तेव्हा ह्याच गावात कान किटतात. पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. कचरा झाडून काढता येतो.

काटे घातले ते एका गोष्टीसाठी. तुम्ही कपारीपाशी माणसांना सावलीत बसवता, शेंगदाण्याचे लाडू वाटता आणि सांगता, की अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आपल्या घरची सून ताराबाई, त्रिंबकआजोबांची पहिली बायको, घर टाकून पळाली आणि पळताना ह्या कपारीत दडली. मग डोळा मिचकावून विचारता, "एकटीच दडली असेल का हो?" माणसं हसतात. मागच्या वर्षी मी भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन आले होते, तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं. एका पोरीनं तर ओढणीचा पदर डोक्यावर घेतला, कपारीत बसून लाजल्यासारखं केलं आणि बाकीच्यांनी फोटो काढले. मी पाटी तशीच खाली ठेवली आणि घरी निघून आले. तुम्हाला वाटलं, मला भाकरी वाढायचा कंटाळा.

ताराबाईची गोष्ट पुन्हा सांगणार नाही, असं मला लिहून द्या. ज्या दिवशी कागद येईल त्या दिवशी काटे काढते. नाही आला तर काटे आहेत आणि मी आहे.

सत्यशीला


पुणे
२२ नोव्हेंबर २०२४

सत्यशीला,

असलं काही मी लिहून देणार नाही. काय समजतेस तू स्वतःला?

ताराबाईची गोष्ट मला आबांनी सांगितलेली आहे. माझ्या वडिलांनी. मी लहान असताना ओसरीवर बसून, हसत हसत सांगायचे. आबा जाऊन चार महिने होत नाहीत तोच तू त्यांच्या तोंडची गोष्ट पुसायला निघालीस. ते होते तोवर तीन वर्षं मी माणसं आणली, तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता घर आपल्या हातात आलं म्हणून जोर आला का?

आणि ताराबाई तुझी कोण? ती आमच्या घरची. पळाली तरी आमच्या घरची. तू उमापूरहून आलेली. तुला इथला दगड माहीत नाही की माती. मी सांगते ते घराण्याचा इतिहास म्हणून सांगते, आणि इतिहासात नुसती चांगलीच माणसं घ्यायची म्हटली तर पानं कोरी राहतील. थोडं हसू आलं तर बिघडलं काय? चालून दमलेल्या माणसांना खांबांचं आणि मातीचंच किती सांगायचं?

बाईच्या इज्जतीचा तुला एवढाच पुळका आहे, तर त्याच कपारीपाशी मी दुसरी गोष्ट सांगते ती कशी ऐकली नाहीस? तुझ्याच उमापूरच्या बायनाची. गेवराईकडच्या जुन्या माणसांना भेटत फिरत होते तेव्हा मुंजाजीकाकांनी सांगितली. पोलीस ॲक्शननंतर गावोगाव सूड घेत माणसं हिंडत होती, त्या दिवसांत ह्या बायनानं मुसलमान पिंजाऱ्याची बायको आणि तिची लेकरं मोरदऱ्याच्या कपारीत लपवली आणि ओढ्याच्या वाटेनं नगरच्या हद्दीत पोचवली. मुंजाजीकाका सांगताना रडले. मी सांगते तेव्हा माणसं टाळ्या वाजवतात. एकाच साली, एकाच कपारीत एक शूर बाई आणि एक पळपुटी. मला तर ती जोडी फार आवडते. तुझ्या गावच्या बायनाकडून काही घेतलं असतंस, तर आज बाभळीमागे लपून बसली नसतीस.

ती वहिवाटीची वाट आहे. वहिवाट अडवली तर तहसीलदार काय करतात, हे भारतला विचार. मी अर्ज द्यायला मागेपुढे पाहणार नाही.

शिवकन्या


मोरदरा
३० नोव्हेंबर २०२४

ताई,

तहसीलदारांकडे खुशाल जा. चहा पाजते मी त्यांना.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी उभ्यानं वाचलं आणि मग चुलीपुढं बसून पुन्हा वाचलं. बायनाकडून काही घे, असं तुम्ही मला लिहिता. तुम्हाला हसावं की तुमच्यावर ओरडावं हे मला दोन दिवस कळेना.

एक विचारते. उमापूर कुठं आणि मोरदरा कुठं? मध्ये अर्धा जिल्हा आडवा पडलाय. त्या काळात उमापूरची एक बाई इथल्या कपारीत काय करत होती? इथला ओढा, इथल्या वाटा तिला पाठ कशा? हा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही? ओढ्यात एखादा तांबडा गोटा दिसला तर हा कुठून वाहत आला म्हणून तुम्ही माणसांना अर्धा तास उन्हात उभं करता. बाईला विचारलं नाहीत. उमापूरची बाई मोरदऱ्याला एकाच कारणानं येते, लग्न होऊन. मी नाही का आले?

बायना आणि तारा ही एकच बाई आहे, ताई.

माहेरी ती बायना. लग्नात त्रिंबकआजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'तारा' लिहिलं, त्या दिवसापासून मोरदऱ्यात बायना कोणाला ठाऊक नाही. मुंजाजीकाका उमापूरचे, त्यांना तारा ठाऊक नाही. तुम्ही इकडून तारा घेतली, तिकडून बायना घेतली, एकीला हसलात आणि दुसरीसाठी टाळ्या घेतल्या. मीही तुमच्या घरात आले त्या दिवसापर्यंत वैष्णवी होते. ती वैष्णवी कुठं पळाली, याचीही एखादी गोष्ट करा.

ती माझ्या आजोबांची बहीण. मला तिनं वाढवलं. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात असायची, माझी वेणी हिनं घातली, माझ्या हातातली पहिली भाकरी हिनं थापून घेतली. कपारीची गोष्ट मी तिच्या मांडीवर ऐकली. ओढ्याला पाणी होतं. पिंजाऱ्याचं धाकटं लेकरू तिच्या खांद्यावर होतं आणि ते सारखं तिचे केस ओढत होतं, हे ती दरवेळी सांगायची. नाक्यावर तेव्हा कोणी उरलं नव्हतं. पलीकडं त्यांना पोचवलं आणि ती परत आली. ऐका नीट. ती पळाली नाही, परत आली. दार बंद होतं. आतून त्रिंबकआजोबा म्हणाले, "त्यांच्यात राह्यली, त्यांच्या हातचं पानी पेली. बाटली ती. जा म्हनावं उमापूरला." ती गेली आणि घरच्यांनी गावात सांगितलं, पळाली.

आबा होते तोवर मी गप्प बसले, कारण तसं मी तिला वचन दिलं होतं. आबा गेले, मी काटे घातले. घर हातात येण्याचा त्यात काही संबंध नाही. घर म्हणजे काय, सकाळी उठून झाडायचं असतं ते.

सत्यशीला


पुणे
१० डिसेंबर २०२४

सत्यशीला,

तुझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून मी उमापूरला गेले. मुंजाजीकाका खाटेवरच असतात आता. मी विचारलं, बायनाला कुठं दिली होती? ते म्हणाले, "मोरदऱ्याला. पाटोद्याकडं. तुमी तिथलेच नव्हं?" मला वाटलं नव्हतं की ते इतक्या सहज सांगतील. मी म्हटलं, मग मागच्या वेळी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई."

बरं. तुझं खरं निघालं. आनंद झाला असेल. पण अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून तू हे पोटात ठेवलंस आणि मला माणसांसमोर चुकीचं बोलू दिलंस, याला मी काय म्हणू? वचन वगैरे ठीक आहे. एक फोन केला असतास. तुला मला तोंडघशी पडलेलं पाहायचं होतं, हे मी ओळखून आहे.

असो. मी मागचं उगाळत बसणारी नाही. मी गोष्ट बदलली आहे, आणि ती पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. ओळखीच्या एका पेंटरकडून कपारीसाठी फलकही करून घेतलाय. 'वीरांगना ताराबाई, मोरदऱ्याच्या थोर घराण्यातील स्नुषा, यांनी या कपारीत निष्पापांचे प्राण राखले.' आमच्या घरातली बाई एवढं करून गेली याचा मला खरोखर अभिमान वाटतो. आबा असते तर त्यांचीही छाती फुगली असती.

ते दाराचं वगैरे मी सांगणार नाही. मुंजाजीकाकाही तेच बोलायला लागले होते, मी विषय बदलला. त्रिंबकआजोबांना जाऊन एक जमाना झाला, ते उत्तर द्यायला येणार नाहीत. काळच तसा होता. आणि पाहुण्यांना आपल्या घरातली धुणी कशाला दाखवायची? तुला बाईचा मान हवा होता, तो मिळाला. फलकासकट मिळाला. आता तरी काटे काढ.

जेवणाचं काय करायचं तेही कळव. बाहेरून मागवायला मला अडचण नाही.

शिवकन्या


मोरदरा
१६ डिसेंबर २०२४

ताई,

काटे काढले. या.

बाहेरून काही मागवू नका. तुमच्या माणसांचा स्वयंपाक मी घरी करते. कपारीपासून सरळ घरीच घेऊन या, गावात कुठं थांबू नका.

सत्यशीला


पुणे
२५ डिसेंबर २०२४

सत्यशीला,

तू जे केलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तू विसरावंस अशी माझी इच्छाही नाही.

सकाळ किती छान गेली होती. खिंडीत मोर दिसले. लाल पट्ट्याला हात लावून एक बाई म्हणाल्या, अजून गरम असेल असं वाटतं. कपारीपाशी मी ताराबाईची नवी गोष्ट सांगितली, फलक उभा केला, माणसांनी टाळ्या वाजवल्या, कोणी कोणी डोळे पुसले. मी म्हटलं, आता त्या वीरांगनेच्या घरी जेवायला चला. तुझ्या स्वयंपाकाचं मी किती कौतुक केलं होतं वाटेत.

आणि दार बंद.

आधी मला वाटलं तू मागे पाणी आणायला गेलीस. कडी वाजवली, हाक मारली. आत भांडी वाजत होती, फोडणीचा वास बाहेर येत होता. तीस माणसं उन्हात उभी. भारत गोठ्यापाशी उभा राहून जमिनीकडे बघत होता, म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी माझ्या बापाच्या दारावर मुठी मारल्या, सत्यशीला. माझ्या बापाच्या.

मग आतून तू बोललीस. ओरडली असतीस तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. तू अंगणात गहू निवडताना बोलतेस तशी बोललीस. "पावन्यांनो, जरा उभं ऱ्हावा. जेवान तयार हाय. ताईनी तुमाला कपारीपाशी अर्धी गोष्ट सांगितली, उरलेली ह्या दाराची हाय. ती पान्यातून मान्सं पोचवून परत आलती, तवा ह्याच दाराशी उभी ऱ्हायली. हे असंच लावलेलं होतं. आत तिचं लेकरू रडत होतं, ते ऐकत उभी ऱ्हायली. दार काय उघडलं न्हाई कोनी."

एक म्हातारे गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, सादरीकरण फार प्रभावी आहे, तुम्ही बसवलंत का? लाल पट्ट्याला हात लावणाऱ्या त्या बाई पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी उभीच होते. मला बसताही येईना.

मग तू कडी काढलीस, पदर खोचलास आणि 'या, हातपाय धुवा' म्हणालीस, जसं काही घडलंच नाही. सगळ्यांना आग्रह करकरून वाढलंस. मला वाढताना वर पाहिलं नाहीस. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी खांबांबद्दल बोललं नाही की नाक्याबद्दल. सगळी त्या दाराबद्दलच बोलत होती, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

मी पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

पण तू 'तिचं लेकरू' म्हणालीस. मूल झालं होतं तिला? हे मला आबांनी कधी सांगितलं नाही, मुंजाजीकाकांनीही नाही, तूही पत्रात लिहिलं नाहीस. ते लेकरू जगलं का? कुठं गेलं? तुझ्याशी बोलायची मला इच्छा नाही, पण हे मला कळलं पाहिजे.

शिवकन्या


मोरदरा
४ जानेवारी २०२५

ताई,

लेकरू जगलं.

अंगावर पिणारं होतं ते. तिला वाटलं होतं, पिंजाऱ्याच्या माणसांना पोचवून दिवस मावळायच्या आत परत येऊ, म्हणून त्याला सासूपाशी ठेवून गेली होती. दाराबाहेर उभी राहून ती एवढंच म्हणत होती, "मला घिऊ नका, पर त्याला एकदा पाजू द्या." तेही दिलं नाही.

त्रिंबकआजोबांनी पुढच्याच साली भिवराआजींशी लग्न केलं. भिवराआजींना मूल झालं नाही. त्यांनी त्या लेकराला इतका जीव लावला, की गावसुद्धा विसरलं ते कोणाचं. लेकरू मोठं झालं, शेती केली, सरपंच झालं, आणि पुढं आपल्या थोरल्या मुलीला सायकलच्या नळीवर बसवून पाटोद्याच्या शाळेत सोडायला जाऊ लागलं. पावसात स्वतः भिजायचं आणि घोंगडी मुलीला द्यायचं. ही आठवण तुम्हीच आबांच्या तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितली होती.

ज्या बाईवरून तुम्ही डोळा मिचकावत होता ती तुमची सख्खी आजी. आबांनी तुम्हाला ती गोष्ट हसत सांगितली, कारण त्यांनाही ती हसतच सांगितली गेली होती. ते सांगायला लागले की मी स्वयंपाकघरात जायचे. स्वतःच्या आईला पळपुटी म्हणून हसणारा माणूस मला रोज समोर बघावा लागला, आणि त्यांच्यावर चिडताही येत नव्हतं. तुमच्यावर येत होतं. ते मी पुरेपूर केलं आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पण एक सांगून ठेवते. आता नातं कळलं म्हणून तुम्हाला तिच्याबद्दल वाईट वाटणार असेल, तर त्या वाटण्याचं मला कौतुक नाही. ती तुमची कोणीच नसती, तरी हसण्यासारखी नव्हती.

तुमच्या घरातून माझ्यासाठी विचारणा आली तेव्हा आमच्या घरात सगळे नको म्हणाले. तोवर त्रिंबकआजोबा आणि भिवराआजी दोघंही गेले होते, तारा कुठली हे इथं कोणाला आठवतही नव्हतं. बायनानंच हट्ट धरला. मला जवळ घेऊन म्हणाली, "जा तू. त्या घरात माझं लेकरू हाय. त्याला माझ्या हातचं येसर खाऊ घाल. पर सांगू नको. जिनं वाढवलं ती त्याची आई, तिचं मन मेल्यावर बी दुखवायचं न्हाई." डाळी आणि मसाला भाजून येसर कसं दळायचं ते तिनं मला महिनाभर शिकवलं. इथं आले त्या आठवड्यात आमटी केली. आबांनी भुरका घेतला आणि थांबले. "कुनी शिकवलं गं पोरी?" मी म्हटलं, घरातल्या म्हातारीनं. "बेस हाय," म्हणाले आणि वाटी पुढं केली. त्यानंतर ते दुसऱ्या कोणाच्या हातची आमटी खात नसत. तुम्ही म्हणायचा, सुनेनं सासऱ्याला बिघडवलं.

हे सगळं मी ह्यांनाही नुकतंच सांगितलं. सकाळी कुदळ घेऊन गेले आणि तुमचा फलक काढून आणला. गोठ्यात ठेवलाय. काय लिहायचं ते ठरवा आणि घेऊन जा, नाहीतर मी त्यावर शेण्या वाळत घालीन.

आमचं लग्न उमापूरला आमच्या दारात झालं, ते तुम्हाला आठवत असेल. नवरीच्या आजीला वराकडून आजेचीर द्यायची रीत आहे. माझी आजी नव्हती, म्हणून ते लुगडं बायनाला द्यायचं ठरलं. आबा आले, लुगडं तिच्या हातात ठेवलं आणि रीतीप्रमाणे वाकले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काढेचना. लोक बघायला लागले. आबांना वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल. त्यांनी तो हात दोन्ही हातांनी हळूच उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि पुढच्या बाईकडे गेले. तुम्ही त्यांच्या मागेच होता, ताई, लुगड्यांचं ताट धरून. तुम्ही म्हणालात, "आबा, चला लौकर, अजून लई बायका राहिल्यात."

सत्यशीला